पत्रकाखालची चौकट

आमच्या घरी आलेल्या माणसाच्या हातात चहाच्या आधी पत्रक पडायचं. वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. पुढे छापखाना संगणकावर गेला तसे तेही गेले, पण संध्याकाळी कसबा बावड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत बसून ते जे लिहायचे ते मात्र कायम हातानं. नळाला न येणारं पाणी, रेशनचा कुजका गहू, नदीत सोडलेलं मैलापाणी, लग्नातला मानपान. मी बाराखडी गिरवली ती कच्च्या मुद्रितांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. दुसरीत असताना मला ‘जाहीर निषेध’ हे दोन शब्द न चुकता लिहिता येत होते आणि वर्गात त्याचा मला गर्व होता.

वडिलांच्या पत्रकांना दोन नियम होते. पहिला, छापायला जाण्याआधी पत्रक घरात मोठ्यानं वाचायचं, आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाला त्यातली एक ओळ मारायचा हक्क. आईनं तो हक्क आयुष्यभर विशेषणांवर वापरला. दुसरा नियम जगात दुसऱ्या कुणी पाळला असेल असं मला वाटत नाही. प्रत्येक पत्रकाच्या तळाशी एक चौकट असायची. वर ठळक अक्षरांत, ‘आमच्या विरोधात काय म्हणता येईल’, आणि खाली विरोधकाचा सगळ्यात भक्कम मुद्दा. त्याला उत्तर द्यायचं नाही. वडील म्हणायचे, ज्याला उत्तर देता येत नाही तोच मुद्दा चौकटीत घालायचा. ज्याचं उत्तर आपल्याकडे आहे तो घालण्यात काय मर्दुमकी? गल्लीत लोक हसायचे. हा माणूस भांडायला जाताना समोरच्यासाठीही काठी घेऊन जातो, असं म्हणायचे. मला ते हसणं मानाचं वाटायचं. आम्ही वेगळे होतो. आम्ही खरे होतो.

आता आत्तीबद्दल. वडिलांची थोरली बहीण. वडील शहरात आले, ती गावातच राहिली, पन्हाळ्याच्या पलीकडे, डोंगराच्या कुशीत. गावाच्या वर सडा आहे. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. पावसात त्यावर बोटभर उंचीची फुलं येतात आणि उन्हाळ्यात कडेच्या जाळ्यांना करवंदं. ते गायरान आहे, कागदावर सरकारचं आणि वागण्यात सगळ्यांचं. आत्ती आणि गावातल्या पंधरा-वीस बायका चैत्र-वैशाखात पहाटे सड्यावर जायच्या, पाट्या भरायच्या आणि पहिल्या एसटीनं कोल्हापुरात येऊन कपिलतीर्थ मंडईच्या बाहेर बसायच्या. करवंदं संपली की जांभळं, मग रानभाज्या, मग सरपण. आत्तीचा नवरा लवकर गेला. तिनं दोन मुली वाढवल्या आणि उजवल्या त्या सड्यावर. याहून सोप्या शब्दांत मला सांगता येत नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात गावात एक पर्यटनवाली कंपनी आली. तिला सड्यावर तंबू, लाकडी खोल्या आणि सभोवती तारेचं कुंपण हवं होतं. गणपतीनंतरच्या ग्रामसभेत ठराव यायचा होता, गायरान भाडेपट्ट्यानं द्यायला गावाची हरकत नाही असा. ठराव झाला तर सडा गेला. एवढं सरळ होतं ते.

मी तेव्हा कोल्हापुरातल्या एका सहल कंपनीत लिहायचं काम करत होते. जी मुलगी ‘जाहीर निषेध’ लिहून मोठी झाली ती पोटासाठी ‘अविस्मरणीय’, ‘मंत्रमुग्ध’ आणि ‘स्वप्नवत’ लिहीत होती. आमच्याकडे उत्तर युरोपची एक सहल होती. फिनलंड, मग बोटीनं एस्टोनिया, मग लात्व्हिया आणि लिथुआनिया. माहितीपत्रकावर ‘निसर्ग आणि संस्कृती’ असं मीच लिहिलं होतं, यातलं काहीही न बघता. ऑगस्टच्या सहलीबरोबर जाणाऱ्या बाईचा पाय मोडला. पासपोर्ट आणि बरं इंग्रजी असलेली कार्यालयात मीच उरले होते.

मी जाणार नाही म्हणाले. सडा जायच्या बेतात असताना बर्फाच्या देशात फिरायचं? पण वडिलांच्या डोळ्यांत एकदम वेगळंच आलं. त्यांनी कपाटातून जुनं पत्रक काढलं, मी पहिलीत असताना लिहिलेलं. त्यात एक परिच्छेद होता: फिनलंड नावाच्या देशात जंगल कुणाचंही असो, त्यातून चालायचा आणि रानमेवा तोडायचा हक्क प्रत्येक माणसाला आहे. त्यांनी ते कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. म्हणाले, आम्ही वाचून लिहिलं, तू बघून लिही. ग्रामसभेआधी पत्रक काढू. जगात असं होऊ शकतं हे गावाला दाखवू.

आत्ती त्या दिवशी घरीच होती. तिनं माझ्याकडून तो परिच्छेद दोनदा वाचून घेतला, मग म्हणाली, “तितं बी बायकाच काढत असतील न्हवं? त्यास्नी इचार. कुणी अडवतंय काय म्हून.”

हा एक प्रश्न घेऊन मी गेले.

सहलीत बावीस माणसं होती. इचलकरंजीकडची, गडहिंग्लजची, कोल्हापूरची; साखर, दूध, कापड आणि पेन्शन यांवर उभी राहिलेली. त्यांतले कबनूरचे काका मला जास्त आठवतात, कारण ते गप्प बसत नसत. त्यांचे यंत्रमाग होते आणि आयुष्यात पहिल्यांदाच मागांच्या आवाजाबाहेर आल्यामुळे ते सगळीकडे ओरडूनच बोलायचे. हेलसिंकीच्या हॉटेलात त्यांनी सकाळी ब्रेडवर शेंगदाण्याची चटणी पसरली आणि शेजारच्या टेबलावरच्या जर्मन जोडप्याला, “घ्या पावणं, लाजू नगा,” म्हणून आग्रह केला. जर्मन बाईनं घेतली. नंतर ती बराच वेळ पाणी पीत होती.

तिसऱ्या दिवशी आम्ही उत्तरेला गेलो. तिथली वाटाडी एक निवृत्त शिक्षिका होती, साठीची, उंच, हळू बोलणारी. तिनं आम्हाला रस्त्याकडेच्या जंगलात नेलं. पाइन आणि बर्च, खाली गुडघ्याएवढी झुडपं, त्यांखाली गादीसारखं शेवाळ. झुडपांना निळी-काळी ब्लूबेरी लागलेली. तोडा, खा, म्हणाली. आमचे लोक जागचे हलले नाहीत. कबनूरच्या काकांनी मला विचारायला लावलं, हे रान कुणाचं? ती म्हणाली, एका लाकूड कंपनीचं असावं. मग तोडायचं कसं? ती हसली. काकांनी पुढचा प्रश्न विचारला, मालक काठी घेऊन येत नाही का? मी त्याचं इंग्रजी केलं, पण तिला प्रश्नच कळेना. मालक कशाला येईल, असं तिनं मला दोनदा विचारलं. तिचा चेहरा इतका निर्मळ होता की मला तिचा हेवा वाटला. या देशात म्हातारी झालेली बाई, आणि काठीचा प्रश्न तिला समजावून सांगावा लागत होता.

मग बावीस माणसं जंगलात पसरली. सहलीतल्या काकूंनी पदराचा ओचा केला. सगळ्यांच्या जिभा जांभळ्या झाल्या, लोक एकमेकांना जीभ दाखवून हसायला लागले. मी एका खोडावर बसले आणि मनात पत्रक लिहायला लागले. पहिलं वाक्य लगेच सुचलं. तो तासभर माझ्या आयुष्यातला सगळ्यात मूर्ख आणि सगळ्यात चांगला तास होता.

परत रस्त्यावर आलो तेव्हा आमच्या बसच्या पुढे एक जुनी व्हॅन उभी होती. जंगलातून माणसं बाहेर येत होती, पाठीवर आणि दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या. तोंडावर चिलटांची जाळी. जाळी वर केली तेव्हा चेहरे दिसले आणि ते तिथले नव्हते. थायलंडचे होते. त्यांत आत्तीच्या वयाची एक बाई होती. तिच्या हातात लोखंडी दातांचं सुपासारखं हत्यार होतं. झुडपातून ते ओढलं की फळं आत आणि पानं बाहेर.

मी वाटाडीला विचारलं. ती म्हणाली, दर वर्षी येतात, हंगामापुरते. तिचा आवाज थोडा बदलला होता. मी त्या बाईजवळ गेले. फोनवरचं भाषांतराचं ॲप उघडलं आणि आत्तीचा प्रश्न विचारला, इथं तुम्हाला कुणी अडवतं का?

तिनं फोन कानाजवळ धरून ऐकलं. मग बोलली आणि फोननं कोरड्या इंग्रजीत सांगितलं, “अडवत कुणी नाही. विचारतही नाही कुणी.”

एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. पण मी पत्रकांत वाढलेली, मी विचारत गेले. ती उत्तरं देत गेली, एकीकडे बादलीतली पानं निवडत. सकाळी अंधारातून निघतात, व्हॅन सोडेल तिथं उतरतात, संध्याकाळी वजन होतं. यंदा फळ कमी आहे. जागेचं आणि जेवणाचं कापून घेतात. मी विचारलं, तुमचा मालक कोण? ती म्हणाली, मालक नाही. फळं विकत घेणारा माणूस म्हणतो, तुम्ही कामगार नाही, जंगल सगळ्यांचं आहे, तुम्ही तुमची फळं तोडता आणि मला विकता. मग आजारी पडलात तर? तिनं खांदे उडवले. तिनं मला एकच प्रश्न विचारला, मीही तोडायला आले आहे का. मी नाही म्हणाले. मग तिला माझ्याशी बोलण्यात रस उरला नाही. व्हॅनमध्ये चढताना तिनं मूठभर फळं माझ्या हातावर ठेवली, सवयीनं, आत्ती गिऱ्हाइकाला वरची चार करवंदं देते तशी.

बसमध्ये मी वाटाडीला हे सांगितलं. तिला सगळं ठाऊक होतं. कायदा बदलायचं चाललंय, म्हणाली. आणि थोड्या वेळानं खिडकीकडे बघत, आम्हाला याची लाज वाटते, असं म्हणाली. मला तिच्या लाजेचा राग आला. मग माझ्या तासाभराच्या आनंदाचा राग आला. चालायचा हक्क सगळ्यांना, म्हणून राबणाऱ्याला हक्क कुठलाच नाही. इतका सुंदर कायदा, आणि त्याच्याच सावलीत हे.

कबनूरच्या काकांना मात्र काहीच धक्का बसला नाही. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले, “म्हंजी आमच्यागतच. सूत येपाऱ्याचं, कापड येपाऱ्याचं, मजुरीवर इणून द्याचं आमी. वर त्यो म्हणतोय, माग तुमचा हाय की, तुमीच मालक. मालक म्हणून घ्याला लई बरं वाटतंय बघा ताई.” एवढं बोलून ते झोपले. मला झोप आली नाही.

त्यानंतर सहल पुढे गेली, मी तिच्याबरोबर गेले. बोटीनं दोन तासांत समुद्र ओलांडून एस्टोनियात, टॅलिनला. तिथं गाण्यांचं मैदान दाखवलं. समुद्राकडे उतरणारा हिरवा उतार आणि खाली शिंपल्यासारखं प्रचंड व्यासपीठ. तिथल्या वाटाड्यानं सांगितलं, रशियाच्या राजवटीत या उतारावर सगळा देश उभा राहिला आणि बंदी असलेली गाणी गायला. पुढे काही वर्षांत देश सुटला. काका म्हणाले, नुसतं गाऊन? वाटाड्या हो म्हणाला. काकांनी उतारावर बसकण मारली आणि म्हणाले, आमच्यात गाणी काय कमी हायत व्हय? मी हसले, पण ते मला लागलं. एरवी अशा जागी माझ्या अंगावर काटा आला असता. त्या दिवशी मला फक्त हिरवं गवत दिसलं, यंत्रानं एकसारखं कापलेलं.

लात्व्हियात, रिगाला, विमानांसाठी बांधावीत तशा पाच अवाढव्य छपरांखाली मंडई भरते. आत धुरावलेले मासे, राईचा काळा ब्रेड, लोणच्यांची पिंपं. बाहेर, रस्त्याकडेला, बायका. पुढ्यात प्लास्टिकचे पेले, पेल्यांत ब्लूबेरी. कपिलतीर्थच्या बाहेर असतात तशा, फक्त पाटीऐवजी पुठ्ठ्याचं खोकं. एका म्हातारीला मी वाटाड्याकरवी तोच प्रश्न विचारला. तिनं माझ्याकडे संशयानं बघितलं. जंगल सरकारचं आहे, घराच्या मागं आहे, रोज जाते, कोण अडवणार? स्वतः तोडते, स्वतः विकते. म्हणजे असंही होतं. वडिलांनी वाचलेलं खोटं नव्हतं. मी तिचा फोटो मागितला, तिनं हात हलवून नको म्हटलं.

हॉटेलच्या पायरीवर बसून मी वडिलांना फोन केला. सगळं सांगितलं, फिनलंडचं जंगल, व्हॅन, ती बाई, ही म्हातारी. ते म्हणाले, छान, म्हातारीचं घालू. मी म्हटलं, आणि व्हॅनमधल्या बाईचं चौकटीत. मग माझ्या वडिलांनी, ज्यांनी चाळीस वर्षांत एक पत्रक चौकटीशिवाय छापलं नव्हतं, मला म्हटलं, “या खेपेला चौकट नको.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. त्यांनी पुन्हा सांगितलं. गावातली माणसं तळाचंच वाचतात. आणि आत्तीचं पोट आहे त्यावर. मी काय काय बोलले ते मला लिहायला लाज वाटते. दुसऱ्याचं पोट असतं तेव्हा चौकट, आणि बहिणीचं आलं की नको? मग आजवर लोकांना शिकवलंत ते काय? ते म्हणाले, घरी ये, बघू. त्यांचा आवाज थकलेला होता आणि मला तो हरलेला वाटला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्यापेक्षा जास्त खरी होते. हे सुख मी भोगलं, खोटं कशाला सांगू.

लिथुआनियात एका संग्रहालयात माझं मन पक्कं झालं. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी झारनं त्या लोकांच्या लिपीत छापायलाच बंदी घातली होती. तेव्हा शेतकरी, गाडीवान, बायका सीमेपलीकडून पुस्तकं आणायच्या, गवताच्या गाडीतून, पोत्यांत, अंगाला बांधून. कुणाला गोळी लागली, कुणाला सैबेरियात धाडलं. काचेच्या पेटीत एक पोतं होतं आणि तळहाताएवढी पुस्तिका. काकांनी विचारलं, यात काय लिहिलंय? मी सांगितलं, प्रार्थना, बाराखडी, शेतीची माहिती. ते म्हणाले, येवढ्यासाठी जीव दिला? मी त्यांच्याशी भांडले. त्या पेटीसमोर उभं राहून मी ठरवलं, या माणसांनी कागदासाठी गोळ्या खाल्ल्या आणि मी तीन ओळी भीतीनं गाळू? आज विचार करते तर कळतं, ती माणसं आपलं बोलणं लपवून नेत होती. पोलिसांचा मुद्दा तळाशी छापून त्याच्या प्रती सीमेवर वाटत नव्हती. हे तेव्हा सुचायला हवं होतं.

घरी आल्यावर पत्रक वाचलं गेलं. वडील, आई, आत्ती आणि मी. वरचा मजकूर चांगला झाला होता, ते आजही म्हणेन. मग मी चौकट वाचली:

‘रान सगळ्यांचं असलं की तिथं राबणाऱ्याची जबाबदारी कुणाचीच राहत नाही. ज्या देशाचा दाखला आम्ही देतो, तिथंच लांबून आणलेल्या बायका कुणाच्याही नोकर नसताना दिवसभर राबतात. मालक असला तर निदान त्याच्याकडे मजुरी तरी मागता येते.’

आत्तीनं विचारलं, हे कुणाचं म्हणणं? मी म्हटलं, त्यांचं. तिनं विचारलं, मग त्येनी छापावं, आपुन कशाला? मी तिला नियम सांगितला. तो तिला माझ्या लहानपणापासून ठाऊक होता, तरी सांगितला. ती जरा वेळ जमिनीवर बोटानं रेघ ओढत बसली. मग म्हणाली, “ती चौकट मारून टाक. माझा हक हाय न्हवं?”

मी म्हटलं, हक्क एका ओळीचा आहे, आत्ती. ही तीन वाक्यं आहेत.

असं मी म्हटलं. ज्या बाईनं मला करवंदं भरवली, तिला मी कलम दाखवलं. आईनं माझ्याकडे बघितलं. तिला कुठलंही विशेषण मारायचं नव्हतं त्या दिवशी. वडील म्हणाले, पत्रक पोरीनं लिहिलंय, तिनंच ठरवावं. आत्ती कुणावरच रागावली नाही. “मग ऱ्हाऊ दे,” म्हणाली, आणि एसटीची वेळ झाली म्हणून उठली.

पत्रक छापलं. आम्ही गावात घरोघर वाटलं.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात झाली. आत्ती आणि बायका एका बाजूला बसल्या होत्या, डोक्यावर पदर घेऊन, पुढच्या रांगेत. ठराव आणणारे उपसरपंच उभे राहिले. मला वाटलं होतं ते आरडाओरडा करतील. त्यांनी तसं काहीच केलं नाही. खिशातून आमचं पत्रक काढलं, चष्मा लावला आणि फक्त चौकट वाचली. सावकाश, एकेक शब्द सुटा करून. मग म्हणाले, “हे माझं न्हाय. ह्ये आपल्या मंडईवाल्या बाईच्या भाचीचं हाय, समुद्रापल्याड जाऊन डोळ्यानं बघून लिवलंय. शिकलेली पोर हाय, खोटं लिवणार न्हाय.” आणि मग, मालक असावा की नसावा, असं त्यांनी बायकांनाच विचारलं. कंपनी झाडलोटीला, स्वयंपाकाला गावातल्याच बायका घेणार, महिन्याच्या महिन्याला पगार.

मी उठले. वर काय लिहिलंय ते वाचा म्हणाले, रिगाची म्हातारी, सरकारचं रान. मागून एक आवाज आला, “पावणं, तुमी हितलं मतदार हाय का?” लोक हसले. मी नव्हते. वडीलही नव्हते, त्यांचं नाव तीस वर्षांपूर्वी शहराच्या यादीत गेलं होतं. ग्रामसभेत बोलायचा अधिकार आम्हा दोघांनाही नव्हता, आणि नियम मोडून बोलायचं म्हटलं तर नियमांची सगळी हौस मीच भागवून घेतली होती. मी खाली बसले.

आत्ती उठली. तिला भाषण येत नव्हतं. सडा देऊ नका, असं तिनं म्हटलं नाही. चौकट ऐकल्यावर तिच्या बायकांतल्या निम्म्याजणी पगाराचा विचार करायला लागल्या होत्या आणि तिला ते दिसत होतं. ती एवढंच म्हणाली की वाट ठेवा. आमची जायची-यायची वाट बंद करू नका. उपसरपंच म्हणाले, वाट ठेवू, लिहून घ्या. ग्रामसेवकांनी लिहून घेतलं. हात वर झाले. मोजायची गरज पडली नाही.

दिवाळीनंतर कुंपण आलं. वाट खरंच ठेवली. गावातून सड्यावर आणि सड्यावरून पलीकडच्या वाडीत उतरणारी, चार हात रुंद, आणि तिच्या दोन्ही अंगांना माणसाच्या डोक्यावर जाणारी तार. करवंदीच्या जाळ्या तारेच्या आत. चालायला कुणी अडवत नाही. मी एकदा त्या वाटेनं गेले. दोन्ही बाजूंना करवंदीला पांढरी फुलं होती आणि हात पोचत नव्हता. कामावर गावातल्या चौघी लागल्या, तरण्या. आत्तीला बोलावलं नाही. तिनंही विचारलं नाही.

वडिलांनी त्यानंतर पत्रक लिहिलेलं नाही. ते मला कधी काही बोलले नाहीत. एकदा मी म्हटलं, चुकलं माझं. ते म्हणाले, खोटं तर काही लिहिलं नव्हतंस. समाधान म्हणून म्हणाले असतील. मला ते फार दिवस पुरलं नाही. खरं लिहिण्यानं काही बदलतं, ही माझी बाराखडीपासूनची समजूत होती. आता ती माझ्याकडे नाही आणि तिच्या जागी दुसरं काही आलेलं नाही. सहल कंपनीची नोकरी मी सोडली. अधूनमधून लिहिते, कारण दुसरं काही येत नाही.

या वैशाखात मंडईवरून जात होते. आत्ती तिच्या जागी बसलेली दिसली, पुढ्यात पाटी, पाटीत करवंदं. मी थांबले. करवंदं नेहमीची नव्हती, लहान होती आणि जास्त लालसर. मी विचारलं, कुठली? तिनं इकडेतिकडे बघितलं. घाटाकडच्या एका डोंगरावरची, म्हणाली. तिथल्या बायका तोडतात, ती दोन एसट्या बदलून जाते आणि त्यांच्याकडून घेऊन येते. मी लगेच विचारायला लागले. डोंगर गायरान आहे की वनखात्याचा? कुणी बघायला येऊन गेलंय का? तिनं पळसाच्या पानाचा द्रोण भरून माझ्या हातात दिला. खा, म्हणाली.

मी दोन-तीन खाल्ली. चीक बोटांना लागला.

“त्या डोंगराचं कुटं लिवू नगंस,” ती म्हणाली. “आन् तुझ्या बापाला बी सांगू नगंस.”

मी लिहिणार नाही म्हणाले. तिचा विश्वास बसला की नाही कळलं नाही, कारण तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि मला बाजूला व्हावं लागलं.

वडील कधीतरी विचारतात, ताई हल्ली करवंदं आणते कुठून. मी म्हणते, ठाऊक नाही.